नळी निघेल ना?

आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाईक काय विचारणार हे आम्हाला साधारण पाठ असतं. शुद्धीवर आलेत का, पोटात काही गेलं का, रक्त लागणार का, एकदा लांबून तरी बघू द्याल का. पण डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं नाव काढलं की हे सगळे प्रश्न मागे पडतात. बायका पदर तोंडाला लावतात. घरातला कर्ता पुरुष गावी फोन करायला जिन्याकडे जातो, कारण त्याच्या लेखी आता माणसं बोलावून घ्यायची वेळ आलेली असते. आणि मग कुणीतरी, बहुधा सून नाहीतर धाकटा भाऊ, हळूच विचारतं, "नळी परत निघेल ना?"

हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा मलाच जास्त ऐकावा लागतो. मी दिवसभर पेशंटच्या अंगाशी झटताना त्यांना दारातून दिसत असते. मी छातीची फिजिओथेरपिस्ट. (लग्नकार्यात व्यवसाय सांगितला की लोक गुडघा पुढे करतात. छातीलाही व्यायाम असतो हे पटवण्याचा नाद मी सोडून दिलाय.) पालिकेच्या रुग्णालयात माझी नोकरी गेली ती लोकांचा कफ सोडवण्यात, त्यांना नळीसकट पलंगाच्या कडेला बसवण्यात आणि शेवटी ती नळी निघावी म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालण्यात. त्यामुळे व्हेंटिलेटरकडे मी थोडी उलट्या बाजूने बघते. घशातून श्वासनलिकेत नळी घालणं हे सरावलेल्या हाताला काही मिनिटांचं काम आहे. ती काढणं हे काही दिवसांचं, कधी आठवड्यांचं, आणि त्यात सिस्टर, मावशी, मामा, रेसिडेंट, मी आणि पेशंट स्वतः असे सगळे लागतात. तरी चर्चा सगळी घालण्याची होते.

निघेल का, हे ती कशासाठी घातली यावर असतं. हे इतकं साधं उत्तर आहे, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कुणी नीट सांगत नाही.

मण्यारचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात पालघर, जव्हार, मोखाडा, शहापूर या पट्ट्यातून असे पेशंट येतात. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि दंश इतका हलका असतो की पुष्कळांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं लुळं पडतं, आणि श्वासाचे स्नायू थांबतात. फुफ्फुसं ठणठणीत असतात. हृदय ठणठणीत असतं. फक्त मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. प्रतिविष द्यायचंच, पण जी टोकं विषाने आधीच बंद पाडली ती त्याने लगेच उघडत नाहीत. शरीर ती सावकाश दुरुस्त करतं. तोपर्यंत कुणीतरी श्वास देत राहिलं तर हा माणूस चालत घरी जातो.

असा एक तरुण आमच्याकडे आला होता. वाटेत रुग्णवाहिकेत त्याचा धाकटा भाऊ आणि अटेंडंट आळीपाळीने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होते. मनोर ओलांडलं, मग वर्सोवा पुलाजवळ गाडी अडकली. पेशंट आत घेतला, नळी मशीनला जोडली, पडद्यावर रेषा नीट चालू लागली, तरी भाऊ जागचा हलेना. त्याची बोटं वाकलेलीच राहिली होती. भिंतीला टेकून बसला तरी उजवा पंजा उघडमीट करत होता. सिस्टर म्हणाली, "दादा, आता मशीन देतंय, तुम्ही चहा घेऊन या." तो म्हणाला, "मशीनला लाइट लागते ना?"

त्याचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, त्या दिवशी मुंबईतल्या प्रत्येक आयसीयूत कुणाच्या ना कुणाच्या मनात हेच आलं असणार. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, रुग्णालयाला जनरेटर असतो. तरीही व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटच्या डोक्याशी एक अँबू बॅग टांगलेली असायलाच हवी असा शिरस्ता आहे. बाकी सगळं बंद पडलं की हातच.

तो तरुण उठला. मण्यारच्या विषात डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा विस्फारून स्थिर होतात, पापणी हलत नाही, बोट हलत नाही. नवख्या माणसाला वाटावं मेंदूच गेला. आत मात्र माणूस जागा असू शकतो. नळी निघाल्यावर चार दिवसांनी त्याने आम्हाला ऐकवलं, की बाजूच्या पलंगाचं काय झालं ते त्याला माहीत आहे, रात्रपाळीच्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि बोंबील महाग झालेत. आमच्या विभागात बेशुद्ध दिसणाऱ्या पेशंटलाही 'आता सक्शन करते हं, खोकला येईल' असं सांगितल्याशिवाय कफ ओढायला नळीला हात लावायचा नाही, हा नियम अशाच पेशंटांनी घालून दिलेला आहे.

आता मशीन नेमकं करतं काय ते सांगते, कारण त्यातच काढण्याची अडचण दडलेली आहे. एरवी आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल खाली सरकतं, छाती फुलते, आतला दाब कमी होतो आणि हवा ओढली जाते. व्हेंटिलेटरची रीत उलटी. तो हवा बाहेरून ढकलतो. संध्याकाळी दादरला कर्जत फास्टमध्ये आपण चढत नाही, मागची गर्दी आपल्याला चढवते, तसं हे. त्या वेळी बरं वाटतं, पण पायांनी काही केलेलं नसतं. श्वासपटलाचंही तेच होतं. २००८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. ही माणसं मशीनवर होती १८ ते ६९ तास, म्हणजे जास्तीत जास्त तीन दिवस. त्यांचे स्नायूतंतू इतरांच्या तुलनेत निम्म्याहून बारीक झालेले आढळले. तीन दिवसांत! आपण गणपतीला गावी जाऊन येतो तेवढ्या अवधीत.

ढकलण्याचा दुसरा धोका फुफ्फुसांना. किती ढकलायचं याचा हिशोब वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळला. पूर्वी वजनाच्या दर किलोमागे दहा-बारा मिलिलिटर हवा सर्रास देत. २०००मध्ये अमेरिकेत ८६१ पेशंटांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांना गंभीर इजा झालेल्या या पेशंटांपैकी एका गटाला किलोमागे बारा आणि दुसऱ्याला सहा मिलिलिटर असा श्वास दिला होता. बारावाल्यांत चाळीस टक्के दगावले, सहावाल्यांत एकतीस. नवं औषध काही नव्हतं, फक्त हात आखडता घेतला होता. आणि हे वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं, कारण पोट सुटलं म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत. पाच फुटांची बाई पंचाहत्तर किलोची असली तरी तिची फुफ्फुसं पंचेचाळीस किलोच्या हिशोबाचीच, म्हणजे एका श्वासाला साधारण पावणेतीनशे मिलिलिटर. म्हणून आमच्या कपाटात स्टेथोस्कोपशेजारी शिंप्याची टेप असते. आडव्या माणसाची टाचेपासून टाळूपर्यंत उंची मोजताना बघून नातेवाइकांच्या मनात काय काय येत असेल, देव जाणे. मी आधीच सांगून टाकते, "हवा मोजून द्यायचीय, म्हणून मापतेय."

हे सगळं सुरू झालं हातांपासूनच. १९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास थांबलेल्यांसाठी तेव्हा लोखंडी फुफ्फुस वापरत. माणसाला मानेपर्यंत एका पिंपात घालायचं आणि पिंपातली हवा कमीजास्त करून छाती हलवायची. १९२८पासून ते वापरात होतं. त्या साथीच्या रुग्णालयात असलं पिंप एकच होतं, शिवाय छातीवर बसवायची सहा कवचं. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचा आधार लागलेल्या ३१ पेशंटांपैकी २७ गेले. ब्योर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ तेव्हा सल्ल्यासाठी आले. शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या माणसाला आपण रबरी पिशवीने श्वास देतोच, मग इथेही तेच करू, असं त्यांचं म्हणणं. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडवून घेऊन त्यांनी नळी बसवली आणि पिशवी दाबायला घेतली. ती जगली. मग प्रश्न आला की दिवसरात्र पिशवी दाबणार कोण. वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले, पुढे दंतवैद्यकीचेही. सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास. एकेका वेळी सत्तरेक पेशंट, प्रत्येकाच्या उशाशी एक पोरगा नाहीतर पोरगी, पाळ्या लावून, महिनोन्‌महिने. शंभरात ऐंशीहून जास्त जात होते, ते प्रमाण चाळिशीवर आणि मग त्याहूनही खाली आलं. असे पेशंट एका जागी ठेवून त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, ही आयसीयूची कल्पना तिथून निघाली. आम्ही आज दाबतो ती स्वतः फुगणारी अँबू बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ची.

याच पोलिओने इकडे मुंबईत काय केलं, तर आमच्या शाखेला जन्म दिला. त्याच सुमारास, १९५२-५३मध्ये, जागतिक आरोग्य संघटना, राज्य सरकार आणि पालिका यांनी मिळून परळला के.ई.एम.मध्ये फिजिओथेरपीची शाळा उघडली. देशातली पहिली. लुळी पडलेली पोरं चालती करायला माणसं हवी होती. तिकडे विद्यार्थी श्वास देत होते, इकडे विद्यार्थी पाय उचलायला शिकवत होते. म्हणून कुणी मला 'मसाजवाल्या मॅडम' म्हणालं की मी चिडत नाही, पण हा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडतही नाही.

पुढे आपल्याकडे धनुर्वातासारख्या रोगात श्वासाचा आधार देऊन माणसं वाचवण्याचं मोठं काम मुंबईत झालं. डॉ. फारुख उदवाडियांचं नाव त्यात आदराने घेतलं जातं. क्रिटिकल केअरवाल्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्थाही १९९३मध्ये मुंबईतच स्थापन झाली. पण सार्वजनिक रुग्णालयात मशीन मोजकी आणि पेशंट अमाप हे गणित काही सुटलेलं नाही. मशीन रिकामं नसेल तर वॉर्डात नळी घालून पेशंटच्या उशाशी नातेवाइकाला बसवतात आणि हातात अँबू देतात. कोपनहेगनचे विद्यार्थी पगार घेऊन पाळ्या करत. इथे बायको, मुलगा, शेजारच्या खोलीतला रिक्षावाला, असे लोक करतात, उपाशीतापाशी.

यावर मला राग आहे आणि त्या रागाचा उपयोग नाही. बॅग कशी दाबायची ते शिकवणं उपयोगाचं. 'तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा' असं पुष्कळजण सांगतात. ऐकायला छान, पण घाबरलेला माणूस मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेतो, मग पेशंटलाही तेवढेच मिळतात. आधीचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत दुसरा आत ढकलला जातो, छाती फुगलेलीच राहते, रक्तदाब उतरतो. जोरात दाबणारे वेगळेच. मोठ्या माणसाच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, दोन्ही हातांनी पिळायची गरज नसते. हवे असतात मिनिटाला बारा ते पंधरा, एका हाताने, छाती जेमतेम उचलेल इतकेच. घड्याळाकडे बघून दाबा म्हटलं तर दहा मिनिटांत नजर भिरभिरते. साताऱ्याकडच्या एका माळकरी आजींनी यावर आपला तोडगा काढला होता. दोनदा 'रामकृष्णहरी' म्हणायचं आणि एकदा दाबायचं. मी सेकंदकाटा लावून बघितलं, पाच सेकंदांना एक पडत होता. त्यांची पाळी संपली की पुढच्या नातेवाइकाला त्या तेच शिकवत. मी मध्ये पडले नाही.

आता काढण्याकडे वळू. रोज सकाळी झोपेचं औषध बंद करून पेशंटला जागं होऊ द्यायचं, ऑक्सिजन कमी लागतोय ना, ताप-रक्तदाब ठीक आहे ना ते बघायचं, आणि मशीनचा आधार काढून अर्धा ते दोन तास त्याला स्वतःचा स्वतः श्वास घ्यायला लावायचा. नळी घशातच, फक्त तिला मशीनऐवजी टी-पीस, म्हणजे नुसता ऑक्सिजन देणारा टीच्या आकाराचा जोड, लावलेला. यासाठी १९९१पासून एक सोपा भागाकार वापरतात. मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासात किती लिटर. वीस श्वास आणि चारशे मिलिलिटर असेल तर उत्तर पन्नास, छान. पस्तीस श्वास आणि अडीचशे मिलिलिटर असेल तर एकशे चाळीस, आज नको. एकशेपाचच्या वर गेलं की बहुधा टिकत नाही. मी हा आकडा बघते, पण भरवसा ठेवते तो मानेवर. मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ दिसायला लागले की आकडा काही म्हणो, माणूस दमलेला असतो. आणि खोकला. नळीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर एक पांढरं कार्ड धरायचं आणि 'खोका' म्हणायचं. कार्डावर ओल उडाली तर नळी काढल्यावर कफ टाकायची ताकद आहे. लाखो रुपयांच्या मशीनशेजारी ही परीक्षा कोऱ्या कार्डाने होते, याची मला दर वेळी गंमत वाटते.

लालबागचे एक आजोबा आठवतात. गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या, खात्यात उभी हयात, म्हणजे १९८२च्या संपापर्यंत. कापसाची धूळ, वर बिडी. फुफ्फुसांचा पार भाता झालेला. असा दमा उसळला की आधी बायपॅपचा, म्हणजे नळी न घालता श्वासाला जोर देणाऱ्या मशीनचा, मास्क लावून बघतात, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं, यांचं भागलं नाही. नळी पडली. न्यूमोनिया ओसरला, आकडे सुधारले, पण टी-पीस लावला की दहा मिनिटांत डोळे पांढरे करायचे, हात झाडायचे, मशीनकडे बोट दाखवायचे. भीती होती ती. आणि भीती वाटली की श्वास उथळ होतो, उथळ झाला की आकडा बिघडतो, बिघडला की आम्ही पुन्हा मशीन लावतो, म्हणजे त्यांची भीती खरी ठरते. हे चक्र मी फार बघितलंय.

नळी स्वरयंत्रातून जाते म्हणून आवाज नसतो. मी पाटी आणि पेन दिलं. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'पंखा'. आयसीयूत एसी, पंखा कुठून असणार? मी त्यांच्याच केसपेपरची पाटी घेऊन तोंडावर वारा घालू लागले. दोन मिनिटांत खांदे खाली आले. यात जादू काही नाही. चेहऱ्यावर, विशेषतः नाकातोंडाभोवती गार वारा लागला की धाप कमी जाणवते, हे आता चांगलं तपासलं गेलेलं आहे आणि श्वासाच्या रोगात हातपंखा मुद्दाम सुचवतात. चाळीत बिनएसीचं आयुष्य काढलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक होतं. सुनेने दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा छोटा पंखा आणला, फेरीवाल्याकडचा, गुलाबी. तो हातात धरून आजोबांनी एका सकाळी दीड तास काढला. पलंगाच्या कडेला बसून, पाय खाली सोडून, कारण बसल्यावर पोट खाली उतरतं आणि श्वासपटलाला जागा मिळते. माझा तळवा त्यांच्या पोटावर होता. मी फक्त एवढंच म्हणत होते, "माझा हात उचला. परत. घाई नाही." कार्डावर ओल उडाली. नळी काढली, लगेच मास्क लावला, कारण अशा फुफ्फुसांना नळी निघाल्यावर मास्कचा टेकू दिला तर परत नळी घालायची वेळ सहसा येत नाही. दुपारी मास्क बाजूला करून ते घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "माझी कवळी कुठाय?" नळी घालण्याआधी काढलेली कवळी सुनेने डब्यात जपून ठेवली होती, पण डबा घरी. त्यांनी तिला जे सुनावलं ते ऐकून सिस्टर म्हणाली, "फुफ्फुसं ठीक आहेत यांची."

सगळं जमून आलं तरी शंभरातल्या दहा-पंधरांना पुन्हा नळी लागते. नातेवाईक त्याला अपयश मानतात. मला विचाराल तर ज्या आयसीयूत कुणालाच पुन्हा नळी लागत नाही, तिथे लोकांना गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर ठेवत असणार.

करोनाबद्दल थोडक्यात सांगते, जास्त सांगवत नाही. त्या दोन वर्षांत पेशंटला पालथं घालायचं काम आमच्याकडे होतं. सोळा सोळा तास पालथं ठेवायचं, वळवताना पाच-सहा माणसं, त्यातला एक फक्त नळी धरायला. पालथं घातल्याने फुफ्फुसाचा मागचा दबलेला भाग उघडतो. फ्रान्समध्ये २०१३ला हे नीट सिद्ध झालं होतं, आम्ही ते पीपीई किटमध्ये घाम गाळत शिकलो. पुष्कळ नळ्या निघाल्या. पुष्कळ निघाल्या नाहीत, आणि त्या माणसांच्या घरच्यांनी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मशीनवर टाकलं म्हणजे संपलं हा समज त्या दोन वर्षांत घट्ट झाला, आणि त्याबद्दल लोकांना दोष देता येत नाही.

काही नळ्या निघणार नसतात. मेंदू गेलेला असतो, कर्करोग सगळीकडे पसरलेला असतो, किंवा नव्वदीतल्या शरीरात आता काही शिल्लक नसतं. तेव्हा 'निघेल ना?' याचा अर्थ बदलतो, आणि विचारणाऱ्यालाही ते कळत असतं. कोकणातली माणसं अशा वेळी फार स्पष्ट बोलतात. "घरी नेतो." मग कागदावर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' अशी सही होते, रुग्णवाहिका ठरते, आणि नळीला अँबू लावून मुलगा किंवा पुतण्या ती दाबत संगमेश्वरपर्यंत, राजापूरपर्यंत जातो. वाटेत पळस्प्याला, माणगावला चहाला गाडी थांबली तरी एकजण आत दाबत बसलेला. घराच्या ओटीवर उतरवलं, तुळशीचं पाणी दिलं, की मग दाबणं थांबवायचं. ते थांबवणं त्या पोराच्या वाट्याला येतं. डॉक्टर नाही, सिस्टर नाही. मला हे नेहमी अन्यायाचं वाटत आलंय. दवाखान्यात जे काम आम्ही करायला हवं, ते आम्ही चारशे किलोमीटर लांब एका पंचविशीतल्या पोराच्या हातात सोपवतो.

कायदा याबाबत तसा स्पष्ट आहे. सुरुवात मुंबईतल्याच एका पेशंटपासून झाली. के.ई.एम.मधल्या परिचारिका अरुणा शानबाग, १९७३च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं तिथेच होत्या. इतकी वर्षं त्या मशीनवर होत्या असं अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. त्या स्वतः श्वास घेत होत्या, आणि त्यांच्या नंतरच्या कित्येक परिचारिकांनी त्यांना हाताने भरवलं, जपलं. व्हेंटिलेटर लागला तो अगदी शेवटी, मे २०१५मधल्या न्यूमोनियात. त्यांना मरू द्यावं म्हणून त्यांच्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये नाकारला, पण उपयोग नसलेला आधार काढण्याची वाट तत्त्वतः खुली केली. २०१८मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून लिव्हिंग विल, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली इच्छा, ग्राह्य धरली. त्यातली कलेक्टर-मॅजिस्ट्रेटची लांबलचक वारी २०२३मध्ये बरीच कमी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. वेळ आली की रुग्णालयातली डॉक्टरांची एक समिती बघते, मग दुसरी बघते, दोघींनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. मॅजिस्ट्रेटला कळवायचं, परवानगी मागायची नाही. एवढं असूनही मी पाहिलेल्या बहुतेक घरांनी अँबूवाला रस्ताच धरला, कारण दुसरा रस्ता आहे हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझी आई मुलुंडला असते, ऐंशीच्या पुढची, कानांनी थोडी कमी पण डोक्याने पक्की. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला तिच्यासमोर मी हा विषय काढला. भाऊ उखडला, "सणासुदीला हे काय!" वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. आई म्हणाली, "मला सांग तर खरं, नळी घातल्यावर दुखतं का?" मी सांगितलं, टोचत राहते, बोलता येत नाही, हात बांधावे लागतात कधीकधी. "आणि निघते?" मी म्हटलं, कशाने घातली त्यावर आहे. न्यूमोनियासारखं काही झालं तर तुझी निघेलही. तिने करंजी संपवली, हात पुसले आणि म्हणाली, "मग पहिल्यांदा घाला. आठ-दहा दिवस बघा. निघून परत घालायची वेळ आली तर घालू नका. गळ्याला भोक पाडू नका. आणि ह्याच्या हातात ती पिशवी देऊ नका, हा थांबवायचा नाही."

भावाने मान खाली घातली, पण साक्षीदार मिळवून आणले त्यानेच, वरच्या मजल्यावरच्या दोघांना. मी आईच्या शब्दांत मजकूर लिहून काढला, आठ-दहा दिवसांचं कलमसुद्धा तसंच ठेवलं. डॉक्टरलोक याला वेगळं नाव देतात, पण तिचं वाक्य जास्त स्वच्छ आहे. स्टेशनजवळच्या नोटरीकडे भाडेकरारांचे गठ्ठे पडले होते. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "मिळकत कुठली?" आईला ऐकू गेलं नाही म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने विचारलं. तिला वाटलं तो पत्ता विचारतोय, तिने मजला आणि खोली नंबर सांगितला. मी त्याला समजावून सांगेपर्यंत त्याने शिक्का मारलेला होता. मूळ प्रत आईच्या कपाटात आहे, एक झेरॉक्स भावाकडे, एक माझ्याकडे, आणि एक पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात द्यायचीय. येत्या शनिवारी मला अर्धी सुट्टी आहे, तेव्हा जाईन.